शनिवारचं विमान

कुणी परदेशी निघालं की त्याने आधी थोरलीकडे यायचं, असा त्या घराचा आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांचा शिरस्ताच पडून गेला होता. थोरली म्हणजे दोघा भावांतल्या मोठ्याची बायको. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, आणि दुकानात काउंटरमागच्या उंच स्टुलावर ती. आलेल्या माणसाला ती समोर बसवायची, स्वतःचा चष्मा काढून पुसायची, परत घालायची आणि विचारायची, "हं, किती दिवसांचं आहे?" एखादा डॉक्टरही इतक्या रुबाबात नाडी बघत नसेल.

मग गाडी सुरू. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक पाहिजे, नाहीतर काउंटरवरूनच घरी पाठवतात. दोन विमानांच्या मध्ये तीन तास ठेवा. स्वस्त तिकिटाच्या नादाला लागून तासाभरात विमान बदलायला गेलात तर तुम्ही एका देशात आणि बॅगा दुसऱ्या. हॉटेल गावाबाहेर घेऊ नका, वाचवलेलं सगळं टॅक्सीवाला घेऊन जातो. म्युझियम आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तो वार आधी बघा. फुकट प्रवेशाच्या दिवशी तर जाऊच नका, चित्रांऐवजी लोकांच्या मानाच दिसतात. प्रसिद्ध जागेच्या समोर खायचं नाही, दोन गल्ल्या मागे जायचं. नवे बूट घालून निघायचं नाही. हे सगळं शहाणपण थोरलीने एकाच सहलीत कमावलं होतं, आणि त्या सहलीला इतकी वर्षं लोटली होती की तिथले फोटो आल्यावर धुवायला टाकावे लागले होते.

ती सहलही फुकटची. चष्म्याच्या फ्रेमा बनवणाऱ्या एका कंपनीने चांगली विक्री करणाऱ्या दुकानदारांना जोडीने नेलं होतं. तिथे तो लोखंडी मनोरा आहे ना, जो जगातल्या प्रत्येक कॅलेंडरवर असतो, त्याच्यासमोर उभ्या असलेल्या थोरलीचा मोठा फोटो दुकानात लावलेला होता. फोटो नवऱ्याने काढलेला. त्यात थोरली पायाच्या नखापासून भांगापर्यंत पूर्ण आहे आणि मनोऱ्याचं डोकं कापलेलं आहे. कुणी त्यावर हसलं तर थोरली म्हणायची, "मनोरा काय, सगळ्यांनी बघितलेला असतो."

बाकी कुणाला कितीही सल्ले दिले तरी थोरलीला त्याचं काही वाटत नसे. लोक जायचे, यायचे, फ्रिजवर चिकटवायचं काहीतरी आणून द्यायचे, आणि तिची गादी शाबूत राहायची. पण या वर्षी धाकटीने सांगितलं की आम्ही दोघं जातोय, आणि थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

धाकटी म्हणजे दिराची बायको. एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. दीर लिफ्ट दुरुस्त करायचे. घर जवळच, चालत पंधरा मिनिटांवर. साधी, कामसू, हसतमुख बाई, जिच्याबद्दल वाईट बोलायला थोरलीला फार मेहनत घ्यावी लागे. आणि ती घेतही असे.

धाकटीने आधी काही विचारलंच नव्हतं, तिथे खरी गोम होती. तिने दवाखान्यात बसल्या बसल्या, पेशंटांच्या मधल्या वेळेत, मोबाइलवर सगळं करून टाकलं. विमान, हॉटेलं, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची रेल्वे. आणि मनोऱ्याची तिकिटं. नुसती मनोऱ्याची नाही, अगदी वरच्या टोकाची. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, रांगेत उभं राहायचं कामच नाही.

"आता तसंच असतं ताई," धाकटी म्हणाली होती. "आधीच घ्यावी लागतात. नाहीतर वरची मिळत नाहीत. आणि घ्यायची तर त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच, मधले लोक दुप्पट लावतात."

"वरून काही दिसत नाही," थोरली म्हणाली. "मुंग्या दिसतात. मधल्या मजल्यावरून खरी मजा."

आता इथे सांगायला हवं की थोरली मधल्याच मजल्यापर्यंत गेली होती. त्या दिवशी वारा सुटला होता आणि वरचा भाग बंद ठेवला होता. घरी आल्यावर 'वरून काही दिसत नाही' हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं आणि मग इतक्या वेळा उच्चारलं की ते खरं होऊन बसलं. वर न जाता वरून काय दिसत नाही ते सांगणारी ती एकटीच असावी.

म्हणजे आता धाकटी वर जाणार. वर जाऊन फोटो काढणार. खाली येऊन सगळ्यांना सांगणार की दिसतं, खूप काही दिसतं. मग पुढच्या वेळी कुणी परदेशी निघालं की ते या दुकानात येणार नाही, दवाखान्याच्या रिसेप्शनवर जाणार. थोरली रात्री कूस बदलायची आणि तिला ती रांग दिसायची. एकेक माणूस धाकटीसमोर बसतोय आणि धाकटी विचारतेय, किती दिवसांचं आहे?

निघायच्या आधीच्या रविवारी दोघं संध्याकाळी चहाला आली. सासूबाई थोरलीकडेच राहायच्या. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीतून त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं, "मग, निघायचं कधी म्हणालात?"

"शनिवारी रात्री, आई," धाकटी म्हणाली. "साडेबाराचं विमान आहे. दिवसभर घर आवरायचं आणि रात्री आरामात निघायचं."

"मग शनिवारी दुपारी जेवायला इकडेच या. जाताना चूल पेटवत बसू नका."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कपात बघत होता. "येतो की," ती म्हणाली.

चहाचे कप उचलताना थोरलीच्या डोक्यात ते साडेबारा कुठेतरी अडकलं. शनिवारी रात्री साडेबारा. तिला त्यांच्या सहलीतला एक दुकानदार आठवला, लठ्ठसा, सतत सुपारी चघळणारा. विमान सुटलं तेव्हा तो आणि त्याची बायको विमानात नव्हती. दुसऱ्या दिवशी रात्री तो बॅगा घेऊन विमानतळावर पोचला, तेव्हा बाकीचे मनोरा बघून हॉटेलात झोपले होते.

पाहुणे गेल्यावर तिने नवऱ्याचा मोबाइल घेतला. धाकट्या भावाला कुठलाही कागद मिळाला की तो मोठ्या भावाला पाठवून ठेवायची जुनी सवय होती. तिकीट काढलं त्या दिवशीच त्याने पाठवलेलं होतं, वजन किती चालतं ते बघ म्हणून. नवऱ्याने किलो बघितले होते आणि सोडून दिलं होतं. थोरलीने वार आणि वेळ बघितली. शनिवार. शून्य वाजून तीस मिनिटं.

आपल्यात रात्रीचे साडेबारा वाजले तरी वार तोच असतो. झोपून उठल्याशिवाय आपला वार बदलत नाही. शनिवारी रात्री साडेबाराला पाहुणे गेले असं आपण म्हणतो तेव्हा शनिवारचीच रात्र असते, घड्याळ काही म्हणो. पण विमानाला हे मान्य नाही. विमानाचा शनिवार शुक्रवारी रात्री बाराच्या ठोक्याला सुरू होतो. म्हणजे शनिवारचं साडेबाराचं विमान शुक्रवारी रात्रीच उडणार होतं. शनिवारी दुपारी ही दोघं इथे जेवत बसतील तेव्हा त्यांच्या दोन रिकाम्या खुर्च्या केव्हाच तिकडे जाऊन उतरलेल्या असतील.

थोरलीने मोबाइल होता तिथे ठेवला. खरं तर त्याच क्षणी फोन करायचा. "अगं, वार नीट बघ" एवढं म्हटलं की काम झालं. उद्या सांगू, असं तिने स्वतःला सांगितलं. आता दमून घरी पोचली असतील, उगाच कशाला धावपळ. आणि त्या रात्री तिला इतकी गाढ झोप लागली की सकाळी नवऱ्याने उठवलं.

सोमवारी सांगायचं होतं, पण सोमवारी दुकानात गर्दी झाली. म्हणजे दोन गिऱ्हाइकं आली. मंगळवारी ती फोन हातात घेऊन बसली आणि तिला एक चित्र दिसायला लागलं. विमानतळ. उजेडच उजेड. काउंटरवरची मुलगी पडद्यावर बघते, परत तिकीट बघते, मान हलवते. "मॅडम, हे विमान काल गेलं." धाकटीचा चेहरा. तो हसतमुख चेहरा कसा होईल ते बघत थोरली कितीतरी वेळ बसून राहिली. मनात मांडे खावेत तसं ते चित्र ती दिवसातून तीनदा खायला लागली. पहिल्या दिवशी त्यात फक्त चेहरा होता. मग मनोऱ्याची ती ठरलेल्या वेळेची तिकिटंही आली, वाया गेलेली. मग घरी परत आलेली टॅक्सी, आणि "ताई, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं" असं म्हणत रडणारी धाकटी. तिथे थोरली तिच्या पाठीवर हात ठेवायची. फार मोठ्या मनाने.

हे बरं नाही, हे तिला कळत होतं. कळत नव्हतं असं नाही. पण जीव जळत असला की माणूस हात शेकून घेतो.

एकदा तिने नवऱ्याला चाचपून पाहिलं. तो काच घासण्याच्या मशीनवर वाकलेला होता. "काय हो, भावजींचं विमान कधीचं आहे म्हणालात?"

"शनिवारचं म्हणतात," तो म्हणाला आणि मशीन सुरू केलं. एरवी बोलताना तो मशीन बंद करायचा.

बुधवारी धाकटी स्वतःच दुकानात आली. उन्हाचा चष्मा हवा होता, आणि "तुमच्याशी बोलायचंही होतं ताई, निघायच्या आधी." थोरलीने तिला समोर बसवलं. आरसा पुढे सरकवला. एकेक फ्रेम तिच्या नाकावर ठेवत, कानामागची दांडी वाकवून बसवत ती बोलत होती. इतक्या जवळून धाकटीचा चेहरा तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. रजेसाठी दोन-दोन पाळ्या केल्या असतील.

"पासपोर्टची एक प्रत वेगळ्या बॅगेत ठेव," थोरली म्हणाली.

"ठेवली."

"रेल्वेत दाराजवळ बसायचं नाही. चोर गाडी सुटता सुटता पर्स ओढतात. आणि कुणी कागद पुढे करून सही मागितली तर थांबायचं नाही. एक सही मागतो, दुसरा खिसा कापतो."

"बरं."

"मोठ्या देवळात, चर्चमध्ये जायचं तर खांदे झाकलेले हवेत. एखादी शाल ठेव. मनोऱ्याला वेळ ठरलेली असली तरी अर्धा तास आधी जा, आत जाताना तपासणी असते. कात्री-बित्री काही नको पर्समध्ये."

"हो ताई."

सगळं खरं होतं आणि सगळं कामाचं होतं. त्यात काही लबाडी नव्हती. फक्त एकच गोष्ट सोडून थोरली बाकी सगळं सांगत होती, आणि जितकी ती गोष्ट जिभेच्या टोकाशी यायची तितकी ती बाकीच्या गोष्टी भरभरून सांगायची. शेवटी स्वतःलाही नकळत ती म्हणाली, "आणि विमानाची वेळ नीट बघून ठेव."

धाकटीने चष्मा काढला. "बघितलीय ना," ती म्हणाली, पण तिची नजर आरशाकडे होती. "शनिवारी साडेबारा."

"मग ठीक आहे," थोरली म्हणाली. सांगितलं की मी. वेळ बघ म्हणाले. आणखी किती सांगायचं माणसाने? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं स्वतःच्या मनाशीही करता येतं. तिने चष्म्याचे पैसे घेतले नाहीत. धाकटी नको नको म्हणाली, तरी घेतले नाहीत. मग धाकटी एकदम वाकून तिच्या पाया पडली. "अगं, हे काय, शनिवारी येणारच आहेस ना जेवायला?" थोरली म्हणाली. धाकटी म्हणाली, "असू दे."

गुरुवारी सासूबाई पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडल्या आणि थेट धाकटीकडे जाऊन आल्या. एरवी त्यांचे गुडघे जिन्यालाही तयार नसत. घरात कुणी कुणाशी फार बोलत नव्हतं. थोरलीला वाटलं, आपल्याच मनातलं पाप आपल्याला सगळीकडे दिसतंय.

शुक्रवारी संध्याकाळी दुकानात एक बाई आली, नवा चष्मा न्यायला. थोरलीने चष्मा तिच्या डोळ्यांवर बसवला. बाईने भिंतीवरची अक्षरं वाचली, मग इकडेतिकडे बघितलं आणि तिला तो फोटो दिसला.

"अगं बाई, तुम्ही गेला होतात तिथे? वर गेला होतात का हो?"

थोरलीने नेहमीचं वाक्य काढलं. "वरून काही दिसत नाही. आम्ही मधल्या..." आणि ती फोटोतल्या कापलेल्या मनोऱ्याकडे बघत राहिली.

तिला तो दिवस आठवला. लोकांना सांगायचा तो नव्हे, खरा. सकाळपासून रांगेत उभं राहून, पाय आखडून, ती मधल्या मजल्यावर पोचली होती. तिथून पुढची लिफ्ट दिसत होती. लिफ्टच्या आधी दोरी बांधलेली आणि तिच्यामागे गणवेशातला एक माणूस. त्याने हाताने नकार दिला, वर बोट दाखवलं, गाल फुगवून वारा फुंकून दाखवला. लहान मुलाला समजवावं तसं. बाकीचे दुकानदार हसले आणि फोटो काढायला गेले. थोरली दोरीला हात लावून उभी राहिली होती. त्या माणसाने तिचा हात हळूच सोडवला होता. रात्री हॉटेलात नळ सोडून ती बाथरूममध्ये रडली. नवऱ्याला सांगितलं, साबण डोळ्यात गेला. एवढ्या लांब येऊन, एवढं जवळ जाऊन, एक हात सोडवला जातो आणि आपण परत फिरतो, हे काय असतं ते तिला ठाऊक होतं. आणि चार दिवस ती तेच चित्र चवीचवीने बघत बसली होती, दुसरीच्या नावाने.

"काय झालं?" बाईने विचारलं.

"काही नाही. नाकावर टोचत नाही ना?" थोरलीने विचारलं. बाई गेल्यावर तिने धाकटीला फोन लावला. फोन बंद. दिरांना लावला. तोही बंद. नवरा काचा आणायला बाजारात गेला होता. घड्याळात साडेसात वाजून गेले होते. तिने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मग पूर्ण ओढलं, कुलूप लावलं आणि निघाली. चालत पंधरा मिनिटांचा रस्ता, ती धावली. तिच्या वयाच्या आणि वजनाच्या बाईने धावावं असं ते धावणं नव्हतं. फळवाल्याने विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" तिने हात हलवला.

धावता धावता ती हिशेब करत होती. बॅगा भरलेल्या असतील का? निदान अर्ध्या? कपडे कोंबायला अर्धा तास. आपण दोघी मिळून कोंबू. उरलेलं तिथे घेता येतं. फक्त पासपोर्ट, औषधं आणि चार्जर असले की बास, बाकी सगळं जगात कुठेही मिळतं. इतक्या वर्षांत हा सगळ्यात चांगला सल्ला तिला आता सुचत होता.

धाकटीच्या इमारतीपाशी टॅक्सी उभी होती. डिकी उघडी. दीर तिच्यात बॅग ठेवत होते. मोठी निळी बॅग, ओळखू यावी म्हणून मुठीला लाल फडकं बांधलेली. हाही थोरलीचाच सल्ला. दुसरी बॅग आधीच आत होती. दिरांनी थोरलीला पाहिलं आणि बॅग अर्धवट टेकवून ते तसेच उभे राहिले.

"भावजी," थोरली धापा टाकत म्हणाली, "विमान आज आहे. आज रात्री. शनिवार म्हणजे..."

तेवढ्यात धाकटी पायऱ्या उतरून आली. खांद्याला पर्स, डोक्यावर थोरलीने दिलेला उन्हाचा चष्मा. ती शेवटून दुसऱ्या पायरीवर थांबली.

"ताई?"

"आज आहे विमान," थोरली परत म्हणाली, पण आता तिचा आवाज खाली आला होता. कारण तिला डिकी दिसत होती.

"हो," धाकटी म्हणाली. "माहीत आहे."

दिरांना एकदम आठवलं की वर गॅस बंद केलाय का ते बघायचं राहिलं. ते निघून गेले.

"तुम्हाला कधी कळलं?" धाकटीने विचारलं.

आत्ताच कळलं, असं म्हणता आलं असतं. शब्द तयार होते. पण धावून धावून थोरलीमध्ये खोटं बोलण्याइतकाही दम उरला नव्हता. "रविवारी," ती म्हणाली.

"रविवारी." धाकटीने मान हलवली. तिला राग आलेला दिसत नव्हता, तेच वाईट होतं. "आणि आलात आज."

"आले ना पण?"

"आलात," धाकटी म्हणाली. "खरंच आलात."

"आणि तू? तू मला शनिवार सांगितलंस. जेवायला येते म्हणालीस. मी काय तुझ्या वाटेत आडवी पडणार होते?"

धाकटी पायरीवरून खाली उतरली. आता दोघी समोरासमोर होत्या. "ताई, आम्ही समुद्रावर जायला निघालो होतो, आठवतं? निघायच्या सकाळी तुम्हाला चक्कर आली. मी राहिले. त्याच्या आधी माझ्या भावाने बोलावलं होतं, आठ दिवस. तिकिटं काढलेली. तुमच्या छातीत धडधडायला लागलं. मी राहिले. माझ्या मैत्रिणींबरोबर जायचं ठरलं होतं, तेव्हा तर तुम्हाला उभंच राहता येईना. दर वेळी मी उशाशी बसलेली असते, आणि माझी गाडी गेली की दुसऱ्या दिवशी तुम्ही उठता."

"मी नाटक करत होते असं म्हणायचंय तुला?"

"नाही हो," धाकटी म्हणाली. "नाटक असतं तर मी निघून गेले असते. तुम्हाला खरंच येते चक्कर. म्हणून तर नाही सांगितलं."

थोरलीने विचारलं, "सासूबाईंना माहीत आहे?"

धाकटीने खांद्यावरची पर्स सावरली. मग म्हणाली, "त्यांनीच सुचवलं. दादांनाही माहीत आहे. रागावू नका त्यांच्यावर. ते म्हणाले, तिचा जीव वाईट नाही, फक्त निघायचा खरा दिवस तिला कळायला नको."

रविवारचा सासूबाईंचा मोठा आवाज. मशीनवर वाकलेला नवरा. दुकानातच वाकून केलेला नमस्कार. पाच दिवस थोरली समजत होती की एक गोष्ट आपल्याला एकटीला ठाऊक आहे. प्रत्यक्षात ती घरात सगळ्यांना ठाऊक होती, आणि तिच्याविषयीची दुसरी एक गोष्टही सगळ्यांना ठाऊक होती, कितीतरी वर्षांपासून, फक्त तिला नव्हती.

दीर खाली आले. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. धाकटीने थोरलीचे दोन्ही हात धरले, दाबले आणि सोडले. "येते ताई."

आणि तेव्हा ती आली. आधी कानात गुंई असा आवाज, मग पायांखालची जमीन एका बाजूला कलायला लागली, टॅक्सीचा पिवळा रंग पातळ होऊन पसरला, कपाळाला गार घाम सुटला. खरी, अगदी खरी चक्कर, दर वेळी येते तश्शीच. थोरलीचा हात आपोआप कपाळाकडे निघाला. तो कपाळाला लागला असता तर काय झालं असतं ते तिला आता माहीत होतं. धाकटी टॅक्सीत एक पाय ठेवून वळून बघत होती.

थोरलीने तो हात मध्येच वळवला आणि हलवला. दुसऱ्या हाताने मागे चाचपत जिन्याचा कठडा शोधला आणि घट्ट धरला.

"वहिनी, बरं वाटतंय ना?" दिरांनी काच खाली करून विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" थोरली म्हणाली. "निघा. रस्त्यात गर्दी असेल. आणि अगं, वर गेलीस की घाईघाईने उतरू नकोस. चांगली थांब. सगळं बघून घे."

"हो ताई," धाकटी म्हणाली, आणि दार लागलं.

टॅक्सी निघाली. थोरली हसत उभी होती, हात हलवत, दुसऱ्या हाताची बोटं कठड्यावर पांढरी पडेपर्यंत. मागच्या काचेतून धाकटी बघत होती आणि जोपर्यंत ती बघत होती तोपर्यंत थोरली हलली नाही. टॅक्सी कोपऱ्यावरून वळली. मग कठडा धरूनच ती हळूहळू खाली बसली, पायरीवर, आणि चक्कर जायची वाट बघत राहिली. उशाशी कुणी नव्हतं.